चिठ्ठी देणारे डॉक्टर

घाटकोपरच्या पंतनगरातून राजावाडीपर्यंत चालत जाताना पाट्या वाचायची माझी जुनी सवय आहे. दातांचे, गुडघ्यांचे, केसांचे दवाखाने असायचेच. हल्ली मधूनच एखादी फिकट निळी नाहीतर पोपटी पाटी दिसते : मानसोपचारतज्ज्ञ. थोडं पुढे काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी. एका जिन्यात पहिल्या मजल्यावर लहान मुलांचं चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर, तर त्याच जिन्यात वर करिअर गायडन्स. एका टॉवरच्या तळमजल्याला योगाच्या वर्गाशेजारी माइंडफुलनेस कोचही आहेत. एवढ्या पाट्यांपैकी आपला जिना कोणता, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

सत्तरच्या दशकात आमच्या पंतनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगींमध्ये हा प्रश्न पडत नसे. पाट्या दोनतीनच असायच्या. कोणी एल.सी.पी.एस., कोणी जी.एफ.ए.एम., एखादे एम.बी.बी.एस. ज्यांच्याकडे आजी जायची त्यांच्याकडेच नातू जायचा. लाकडी बाकावर बसायचं, आत नंबर लागला की जीभ दाखवायची, आणि बाहेर कंपाउंडर कागदाच्या खाचा चिकटवलेल्या बाटलीत गुलाबी औषध भरून द्यायचा. ताप, जुलाब, सासूचा जाच, परीक्षेत नापास झालेल्या मुलाचं न जेवणं, गिरणीत ले-ऑफ मिळालेल्या नवऱ्याचं रात्रभर गॅलरीत उभं राहणं, हे सगळं त्या एकाच बाकावरून आत जायचं. घाटकोपरात अशा डॉक्टरांना मान फार. दत्ता सामंत पुढे गिरणी संपाचे नेते म्हणून देशभर गाजले, पण त्याआधी ते आमच्याच भागात दवाखाना चालवणारे डॉक्टर होते. खाणकामगार त्यांच्याकडे अंग दुखतं म्हणून यायचे, आणि डॉक्टरांना त्या दुखण्यामागची मजुरी दिसायची. दवाखान्यातून युनियन निघाली हे ऐकून आम्हाला कधी नवल वाटलं नाही. पेशंटचं घर माहीत असलेला माणूस एवढंच त्या काळी 'फॅमिली डॉक्टर' या दोन शब्दांत अभिप्रेत होतं.

त्यांच्याकडे मनासाठी वेगळी औषधं फारशी नव्हती. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, लोहाचं टॉनिक आणि साठच्या दशकाच्या अखेरीस आलेली रॅनबॅक्सीची काम्पोज, झोपेची गोळी. काम्पोज तर इतकी घरोघरी झाली होती की बायका एकमेकींना साखर उसनी मागावी तशी गोळी मागायच्या. त्याचं आज कौतुक करण्यात अर्थ नाही. त्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते, आणि किती जणींना ती लागली असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बी-कॉम्प्लेक्सबद्दल मात्र माझं मत अलीकडे जरा मवाळ झालं आहे. शाकाहारी घरांमध्ये बी-12 ची कमतरता पुष्कळ आढळते, ती कमी पडली की माणूस थकतो, विसरभोळा होतो, उदास होतो. थायरॉइडचंही तसंच. म्हणून आजचे चांगले मानसोपचारतज्ज्ञसुद्धा पहिल्याच भेटीत या रक्ततपासण्या करून घेतात. गुजराती-जैन वस्ती मोठी असलेल्या घाटकोपरात त्या लाल इंजेक्शनाने एखाददुसऱ्या 'नसांच्या कमजोरी'ला खरोखरच उतार पडला असेल.

डॉक्टरांच्या पलीकडे दुसरी एक फळी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींच्या अंगात यायचं. मंगळवारी, शुक्रवारी. सबंध आठवडा ज्या बाईला घरात कोणी विचारत नसे तिच्यापुढे त्या तासाभरात सासरा नारळ घेऊन उभा राहायचा. आज वाटतं, तिच्यापुरता तो उपचारच होता. बाळंतपणानंतर एक मावशी मुलाला जवळ घेईना, एकटक भिंतीकडे बघत बसायची. तिला बाधा झाली म्हणून गाणगापूरला नेलं. दुपारच्या आरतीला तिथे अंगात आलेली माणसं खांबांना लोंबकळतात हे तिच्या सासूने परत आल्यावर आम्हा मुलींना रंगवून सांगितलं होतं. मावशी काही महिन्यांनी आपोआप सावरली आणि श्रेय दत्तगुरूंना गेलं. अशी बाई दरवेळी सावरतेच असं नाही. बाळंतपणानंतरचं तीव्र आजारपण हे मानसोपचारातलं तातडीचं प्रकरण आहे, त्यात आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो, हे तेव्हा आमच्या जिन्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

दारूला वेगळा रस्ता होता : माळ. पंढरीची वारी करून तुळशीची माळ घातली की माणूस पिणं सोडायचा, आणि काही जण खरंच सोडायचे. मी तरी या उपायाला हसणार नाही. चार माणसांसमोर घेतलेली शपथ, रोजच्या हरिपाठाचा सोबतीचा वर्ग आणि पाय घसरला तर विचारणारं कोणीतरी, हे तिन्ही व्यसनमुक्तीच्या आजच्या गटांतही असतंच. ज्यांची माळ टिकली नाही त्यांच्यासाठी 1986 साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगण उभं राहिलं. तेव्हा घाटकोपरच्या गल्ल्यांत गर्दुल्ले दिसायला लागले होते. त्या मुलांना माळ कोण घालणार होतं?

लग्न हाही औषधाचाच प्रकार. 'लग्न करून टाका, सुधारेल' हे वाक्य मी निदान तीन घरांत ऐकलं आहे. सुधारलं कोणाचंच नाही. आणि त्यात भरडल्या गेलेल्या मुलींकडे कुठलाच डॉक्टर गेला नाही. त्या काळाचं गुणगान करणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते.

हे सगळं करून भागलं नाही की उरायचं ठाणं. नुसतं 'ठाण्याला पाठवावं लागेल' म्हटलं तरी पुरे. ठाण्याला एस.टी.चा डेपो होता, तलाव होते, माझी आत्या राहायची, पण घाटकोपरच्या भांडणात ठाणं म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल. 1901 सालचं ते रुग्णालय. राज्यात नागपूर, पुणे, रत्नागिरी इथेही अशी सरकारी रुग्णालयं आहेत, आणि पुणेकरांच्या तोंडी तशाच अर्थाने येरवडा असतं. तिथे जायचं ते 1912 च्या ल्युनसी कायद्याने, म्हणजे बहुधा पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि हुकूम. आजारी माणूस आणि कैदी यांत कायद्यानेच फारसा फरक ठेवला नव्हता. तो कायदा जाऊन 1987 चा नवा आला, आणि तोही प्रत्यक्ष लागू व्हायला 1993 उजाडलं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगीतला एक मुलगा असाच गेला. कॉलेजात हुशार, मग हळूहळू रेडिओतून आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागला. घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं, तो कोकणात मामाकडे असतो. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरेपर्यंत मामा जिवंत राहिला.

बाकावरचे डॉक्टर आणि ठाणं या दोन टोकांच्या मध्ये काहीच नव्हतं असं आम्हाला वाटायचं, पण वस्तुस्थिती तशी नव्हती. केईएममध्ये डॉ. न. स. वाहिया यांनी स्वातंत्र्याच्या सुमारासच मानसोपचार विभाग उभा केला होता. पुढे त्यांनी पातंजल योगावर आधारलेली उपचारपद्धती वापरून तिच्यावर शोधनिबंध लिहिले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने तर 1937 सालीच मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं, देशातलं पहिलं. ती संस्था पुढे देवनारला आली, म्हणजे आमच्या अगदी उशाला. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. वर्गात अक्षरं उलटी काढणाऱ्या मुलाला गुरुजी 'ढ' म्हणायचे, शेवटच्या बाकावर बसवायचे आणि प्रश्न तिथेच मिटायचा.

ज्यांना पत्ता होता ते आमचे बाकावरचे डॉक्टर. सगळे नव्हेत, पण आमचे होते. त्यांच्याकडे पॅडचा कागद होता आणि बोरूने काढल्यासारखं वळणदार इंग्रजी. रेडिओवाल्या मुलाच्या बाबतीत त्यांना उशिरा विचारलं गेलं. पण गॅलरीत रात्रभर उभं राहणाऱ्या काकांच्या बाबतीत त्यांनी वेळेवर ओळखलं. कित्येक दिवस झोप नाही, भूक नाही, 'आता काही अर्थ नाही' हे एकच वाक्य. डॉक्टरांनी काम्पोज दिली नाही. चिठ्ठी लिहिली : शीव हॉस्पिटल, मानसोपचार विभाग. काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, एकटं सोडायचं नाही, घरात फिनेल, ढेकणाचं औषध काही ठेवायचं नाही. आणि काकांना म्हणाले, 'मेंदूला विश्रांती हवीय, तिथला डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे.' ओळख होती की नव्हती देव जाणे. काका गेले. उपचार झाले, त्यांत शॉकही होता. तेव्हा शॉक म्हटलं की बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि भूल न देता तो देत असतील तिथे ते खरंच भयंकर असणार. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदीच घातली. काका मात्र पुन्हा गिरणीत गेले, आणि संपात इतरांसारखेच बेकार झाले.

ती चिठ्ठी माझ्या मनात राहिली आहे. जुन्या दवाखान्यातलं काय हवंसं वाटतं, असं विचारलंत तर मी गुलाबी औषध म्हणणार नाही. आपल्याला काय येत नाही हे ओळखून, ज्याला येतं त्याच्याकडे नावानिशी पाठवणारा माणूस, तो हवासा वाटतो.

मग 1990 आलं आणि ठाण्याचा अर्थ बदलला. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मानसिक आरोग्य संस्था काढली, आयपीएच. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते एका छताखाली. पुढे त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे 'वेध'चे कार्यक्रम सुरू झाले, वर्तमानपत्रांत डॉक्टरांची मनावरची सदरं यायला लागली, कि. मो. फडके यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञाकडून अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकाच्या कानावर आली, आणि 2004 साली आलेल्या 'देवराई' सिनेमाने स्किझोफ्रेनियाचा माणूस घरातला, ओळखीचा करून दाखवला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. पालकसभेत एक आई सगळ्यांसमोर म्हणाली, 'आम्ही दर शनिवारी ठाण्याला जातो, मुलाच्या रागासाठी.' मागच्या बाकावरच्या एका वडिलांनी उठून तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. ज्या गावाच्या नावाने आम्हाला गप्प बसवायचे त्याच गावचा पत्ता. आणि आता तर त्या जुन्या मनोरुग्णालयाच्या जागेच्या एका भागावर, मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये, लोकलचं नवं स्टेशन व्हायचं आहे.

आता पंतनगरच्या बिल्डिंगी पडून टॉवर होत आहेत. गॅलऱ्या गेल्या, त्यामुळे रात्री कोण उभं आहे हे दिसत नाही. बाकावरचे डॉक्टर गेले, त्यांची मुलं हृदयाचे नाहीतर पोटाचे तज्ज्ञ झाली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्लंबरच्या आणि टिफिनच्या मधोमध प्रश्न येतो : गारोडिया नगरजवळ चांगला सायकॉलॉजिस्ट सुचवा. उत्तरादाखल पाच मिनिटांत सात नंबर. त्यात एक न्यूरॉलॉजिस्ट, दोन समुपदेशक, एक होमिओपॅथ, एक टॅरोवाली. नंबर देणाऱ्या कोणीही विचारलेलं नसतं की काय होतंय.

गेल्या वर्षी भटवाडीतली माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. तिचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षा बुडवली, दिवसभर अंधारात झोपून, डोकं दुखतं म्हणतो. ती आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली, कारण दुखतंय डोकं. एमआरआय झाला, ठीक निघाला. मग मुलानेच इन्स्टाग्रामवरून एक कोच शोधली. तिने सकाळी लवकर उठून पाच चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. ज्याला उठताच येत नाही त्याला लवकर उठायला सांगणं! फी मात्र आगाऊ. मग ग्रुपवरच्या एका समुपदेशकाकडे. ते भले गृहस्थ, त्यांनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं, हे माझ्या आवाक्यातलं नाही, आधी सायकिअ‍ॅट्रिस्टना दाखवा. मी त्या गृहस्थांना भेटलेले नाही, पण या गोष्टीत मला सगळ्यात जास्त आदर त्यांच्याबद्दल आहे. फक्त ते 'दाखवा' म्हणाले, कोणाला ते नाही. आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट या शब्दाने ती बिचकली. मुलगा 'तसा' नाही, म्हणाली.

तिला मी जे सांगितलं ते असं. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे आधी एम.बी.बी.एस. झालेला आणि मग मनाच्या आजारांत एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. तो रक्त तपासतो, निदान करतो, गोळ्या देतो, लागलं तर दाखल करतो. आठवड्यांमागून आठवडे झोप आणि जेवण बिघडलं असेल, मरणाचं बोलणं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दोन रात्री न झोपताही माणूस उसळ्या मारत असेल, बाळंतीण बदलली असेल, दारू एकदम सोडल्यावर हात कापत असतील, तर पहिला जिना त्याचाच चढायचा, बाकीचं मागाहून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळी देत नाही. मानसशास्त्रात एम.ए. करून वर रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेला तो माणूस असतो, त्याची दिल्लीच्या पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो चाचण्या घेतो आणि आठवड्याला तासभर बसून विचारांच्या गाठी सोडवतो. भीती, तेच तेच विचार, जुनी जखम, यांत त्याचं काम मोठं. मुलाला वाचता-लिहिता येत नसेल तर चाचणी त्याच्याकडे, पण दहावीच्या सवलतीचं प्रमाणपत्र हवं असेल तर शीव, नायर अशा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांचा रस्ता धरायचा. आमच्या वर्गातल्या किती 'ढ' मुलांना त्या कागदाने वाचवलं असतं! समुपदेशक लग्नातली कुरबुर, शोक, परीक्षेची धास्ती, नोकरी गेल्यानंतरचा धक्का यांत उत्तम सोबत करतो. पण ही पाटी कोणीही लावू शकतो. 2017 च्या कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे, तीत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, परिचारिका आणि मानसोपचारातले सामाजिक कार्यकर्ते आहेत, मनोरोगातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टरही आहेत. समुपदेशक नाहीत. 2021 च्या दुसऱ्या एका कायद्याने त्यांच्याही नोंदणीचा मार्ग आखला, त्याची घडी अजून बसायची आहे. तेव्हा शिक्षण कुठे झालं, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजायचं नाही. सोनाराकडे हॉलमार्क विचारतोच की.

'आणि मराठीत बोलतात का तेही विचार,' मी म्हटलं. घाटकोपरात हे विचारावंच लागतं. पूर्वेला बहुतेक ठिकाणी बोलणं इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती. मुलाचं इंग्रजीत भागेल, पण घरात रडणं-भांडणं मराठीत होतं, आणि आईला बोलावलं की तिने 'यू नो, आय फील' कुठून आणायचं? तिने शेवटी मुलाला आणि नवऱ्याला घेऊन राजावाडी हॉस्पिटलची ओपीडी गाठली. रांग मोठी, केसपेपर किरकोळ पैशांत, आणि समोरची तरुण डॉक्टर तिच्याशी साताऱ्याच्या मराठीत बोलली. नैराश्य निघालं. गोळीचा गुण यायला दोनतीन आठवडे लागतील, मध्येच थांबवायची नाही, हे त्या डॉक्टरने दोनदा सांगितलं. मुलगा थोडा सावरल्यावर सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे तासाची फी मोजताना घरात ओढाताण होते, तो भाग वेगळाच. विम्याच्या पॉलिसीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं कायदा म्हणतो, पण ते दाखल झालेल्यांच्याच जास्त उपयोगाचं.

एक गोष्ट मात्र जुन्या काळी नव्हती ती आता आहे : गोळी देणारा एकीकडे, बोलणारा दुसरीकडे, आणि दोघांची कधी गाठच नाही. माझ्या विद्यार्थिनीनेच मग एक फाइल केली. सायकॉलॉजिस्टने काय सांगितलं ते ओपीडीत दाखवायचं, गोळी बदलली की तिकडे कळवायचं. आतल्या कव्हरावर तिने 14416 लिहून ठेवलाय, टेलि-मानसचा. 2022 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री दोनला फोन केला तरी मराठीत कोणीतरी बोलतं. एकदा तिने केला होता, मुलासाठी नव्हे, स्वतःसाठी.

मुलगा यंदा दुसरं वर्ष पुन्हा देतोय. भटवाडीत बातमी पसरायची ती पसरलीच, आणि आता बायका तिच्याकडे येतात. कोणाची सून, कोणाचा भाऊ. ती त्यांना लगेच नंबर देत नाही. आधी विचारते, झोपतो का, जेवतो का, मरणाचं काही बोललाय का. मग सांगते कुठे जायचं ते. परवा एकीला तिने वहीचं पान फाडून ओपीडीचा वार, मजला आणि काय काय कागद न्यायचे ते लिहून दिलं, आणि ती बाई एकटी जायला घाबरते म्हणून तिच्याबरोबर रिक्षात बसली.